आधी तळहात

अमरावती,
ता. १२ नोव्हेंबर १९३४

ती. सौ. दुर्गाताईस,
धाकट्या कमलाकांतचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल सकाळी आलं आणि मी कॉलेजात जायचंच विसरलो. शिपाई बोलवायला आला तेव्हा अंगणात उभा राहून ते तिसऱ्यांदा वाचत होतो. तुझ्या विमलच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊ शकते! लहानपणी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी हात झटकले. आपणही जन्मांध म्हणून मुकाट बसलो. आणि आता दौऱ्यावर आलेला एक डॉक्टर तिच्या डोळ्यांपुढे दिवा धरतो आणि सांगतो, हा जन्मजात मोतीबिंदू आहे, डोळ्याचा मागचा भाग शाबूत वाटतो, मोतीबिंदू काढून पाहू. ताई, मला आनंदाने काही सुधरत नाही.

आता भावाचं झालं. प्रोफेसराचंही थोडं ऐक. आमच्या मानसशास्त्रात अडीचशे वर्षांपासून एक प्रश्न पडून आहे. जन्मांध माणूस चेंडू आणि ठोकळा हाताने चाचपून बरोबर ओळखतो. उद्या त्याला एकाएकी दिसू लागलं, तर हात न लावता, नुसत्या नजरेने, चेंडू कुठला आणि ठोकळा कुठला हे त्याला सांगता येईल का? म्हणजे पाहणं आपण जन्मतःच घेऊन येतो, की बोलणं शिकतो तसं तेही शिकतो? मोठमोठ्यांनी यावर ग्रंथ लिहिले, पण असा माणूस समोर बसलेला फार थोड्यांना लाभला. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं घासली, तिथे आमचे गुरुजी म्हणायचे, "असा एक रुग्ण मिळाला तर मी पायी जाईन." आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात आहे!

माझी इथली ख्याती तुला ठाऊकच आहे. गावात मी 'मनाचा प्रोफेसर'. परवा एक सरकीचे व्यापारी आले, बायकोची नथ कोणी नेली ते नोकरांच्या डोळ्यांत बघून सांगा म्हणाले. प्रिन्सिपॉलसाहेब माझ्या उपकरणांच्या खोलीला 'खेळघर' म्हणतात. विमलचं हे काम नीट झालं तर त्या खोलीला जगात किंमत येईल, खोटं कशाला बोलू.

म्हणून एकच मागणं. पट्टी सुटेल त्या दिवशी मी अकोल्याला येतो. पट्टी सुटल्यावर तिच्या नजरेला पहिली गोष्ट पडेल ती चेंडू आणि ठोकळा. त्याआधी दुसरं काहीही नाही. तुझं तोंडसुद्धा नाही, रागावू नकोस.

वामनरावांस नमस्कार. विमलला अनेक आशीर्वाद.

तुझा,
कमलाकांत


अकोला,
ता. १७ नोव्हेंबर १९३४

चि. कमलाकांत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मेव्हण्याला भाची दिसली की प्रयोग?" मी म्हटलं, दोन्ही दिसलं असेल, त्याचं डोकं लहानपणापासून दुमजली आहे.

चेंडू-ठोकळा विमलने जन्मात हाती धरलेला नाही. तिला लाडू आणि वडी कळते. अंधारात डब्यात हात घालून कुठला कुठे आहे ते ती मला सांगते. तेव्हा तुझ्या अडीचशे वर्षांच्या प्रश्नाला मी बेसनाचे लाडू आणि खोबऱ्याच्या वड्या करून देते. उरल्या तर तुला.

पण कमलाकांत, मला भीती वाटते. कापून झालं, पट्टी काढून झाली, आणि पोर म्हणाली 'आई, काहीच नाही', तर? आता आहे त्यात ती सुखी आहे. पाण्याच्या आवाजावरून घागर भरली का सांगते. सासरे, म्हणजे मामंजी, ओटीवर आले की खोकण्याआधीच त्यांची चाहूल घेते. आशा लावून मग ती मोडणं हे मला सोसायचं नाही. तुझा प्रश्न सुटला नाही तरी चालेल, माझ्या लेकीला दिसायला हवं. एवढंच मागते देवाजवळ.

काल वाती वळताना तिने विचारलं, "आई, पाह्यणं म्हंजे काय? लांबून हात लावणं?" मी म्हटलं, तसंच काहीसं. तर म्हणते, "मग लांबच्याले गुदगुल्या नाई होत?" आता याचं उत्तर तुझ्या कुठल्या ग्रंथात आहे ते कळव.

शस्त्रक्रिया २६ तारखेला. पट्टी ६ डिसेंबरला, गुरुवारी, सोडणार.

तुझी,
दुर्गाताई


अकोला,
ता. ३ डिसेंबर १९३४

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

तू गुरुवारची तयारी केली असशील म्हणून घाईने लिहिते. पट्टी आज सुटली. गुरुवारी अमावास्या निघाली. मामंजींनी पंचांग उघडलं आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांपुढे ठाण मांडलं. डॉक्टरांनाही उद्या नागपूरला निघायचं होतं. ते म्हणाले, जखम भरली आहे, आजच सोडू.

विमलला दिसतं. अंधुक का होईना, पण दिसतं! जाड भिंगाचा चष्मा आला की अजून स्पष्ट होईल म्हणतात. तुझे लाडू-वडी मी मांडीवर डब्यात घेऊन बसले होते. पण पट्टी सुटल्याबरोबर तिने सवयीने आपले दोन्ही तळहातच तोंडापुढे धरले. त्यामुळे पहिली नजर पडली ती हातांवर. हात तिचे तिलाच ओळखू आले नाहीत. मग लाडू आणि वडी दाखवली. तेही ओळखलं नाही, म्हणाली, "दोन आहेत, हात लावू?" आणि लाडू खाऊन टाकला.

रागावू नकोस. मी आज फार रडले आहे, आणखी रडवू नकोस.

दुर्गाताई


अमरावती,
ता. ५ डिसेंबर १९३४

ती. सौ. ताईस सा. न.

विमलला दिसलं हे वाचून देवापुढे साखर ठेवली. त्यात कमी नाही.

पण बाकीचं काय लिहू? बॅग भरून ठेवली होती. बडनेऱ्याच्या गाडीचं तिकीट काढायचं तेवढं राहिलं होतं. गुरुजींना कलकत्त्याला पत्र गेलं होतं. आणि माझ्या प्रयोगाआधी पंचांगाचा प्रयोग झाला! हात आधी पाहिले म्हणजे तिने बोटं पाहिली, गोल तळवा पाहिला, कडा पाहिल्या. आता त्यानंतर लाडू ओळखला काय आणि न ओळखला काय, कोणीही विद्वान म्हणेल की कोरी नजर उरलीच नव्हती. अडीचशे वर्षांत एकदा येणारी गोष्ट, आणि ती आपल्या घरच्या सकाळी उठून हात पाहण्याच्या सवयीने नासवली. आता येऊन तरी काय करू?

तू काय घालवलंस हे तुला कळायचं नाही, आणि म्हणून तुझ्यावर रागावताही येत नाही.

कमलाकांत

ता. क. — हात ओळखू आले नाहीत म्हणजे नक्की काय झालं? काय म्हणाली ती? शब्दाला शब्द लिही.


अकोला,
ता. १६ डिसेंबर १९३४

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आठ दिवस लिहायचं नाही असं ठरवलं होतं. उंटावरच्या शहाण्याला खालची माणसं मुंग्याच दिसायची. पण तू ताजा कलम लिहिलास म्हणून लिहिते, आणि दुसरंही कारण आहे, ते शेवटी.

आधी सवयीचं. विमल लहान असताना मामंजींनी सांगितलं, घरातली सगळी पोरं उठल्याबरोबर तळहात पाहतात, हिनेही पाहावे. मी म्हटलं, मामंजी, ती काय पाहणार? ते म्हणाले, "धरू दे. हात तर तिला पाहतील." तेव्हापासून रोज सकाळी ती अंथरुणात उठून बसते आणि दोन्ही तळहात तोंडापुढे धरते. मला ते बघवायचं नाही, मी चुलीकडे निघून जायची. त्या दिवशी पट्टी सुटली, उजेड आला, म्हणजे तिच्या लेखी सकाळ झाली. हात आपोआप वर गेले. कोणी सांगितलं नाही.

खोलीत पडदे ओढलेले होते. तिच्या तोंडापुढे तिचे हात. ती मागे सरकली आणि घाबरून म्हणाली, "आई, माह्या तोंडापुढं काय आलं? कोण होय?" मी म्हटलं, कोणी नाही ग. "नाई कसं? हालून राह्यलं!" भीतीने तिची बोटं थरथरत होती, तीच तिला दिसत होती. मग ती श्वास धरून बसली. हातही थांबले. तशी ती हळूच म्हणाली, "थांबलं." मग तिने एक बोट वाकवलं. पुन्हा सरळ केलं. पुन्हा वाकवलं. कमलाकांत, तिचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती म्हणाली, "आई... मी करतो तसं ते करते. आई, हा मीच होय!"

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मामंजी पुटपुटत होते ते थांबले. मुठी मिटून उघडून मिटून उघडून ती हसायला लागली, आणि मी डबा उराशी धरून रडत बसले. तुझा ठोकळा त्या वेळी कोणाच्या ध्यानात राहणार?

आता दुसरं. हे लगेच कळवलं नाही, कारण माझंच मन मानत नव्हतं. चौथ्या दिवशी घरी आली आणि सगळं तिच्या अंगावर आलं. अंगणातला लिंब डोळ्याला लागतो म्हणाली. खांबाची सावली ओलांडायला पाय उचलून पडली. भिंतीवरच्या तसबिरीत तिच्या पणजोबांना हात लावून पाहिलं, "हे चपटे काहून?" म्हणाली. माझं तोंड पाहून तिला मी कळत नाही. मी बोलले की कळते. त्यात गावातल्या बाया नारळ घेऊन येतात, 'नवे डोळे आलेली पोर' पाहायला. एक म्हणते मी कशी दिसते सांग, दुसरी म्हणते माझ्या लुगड्याचा रंग सांग. दुष्काळात तेरावा महिना.

गेले सहा दिवस विमलने डोळ्यांवर फडकं बांधलं आहे. सोडत नाही. चष्मा आला, तो डबीतच आहे. काल म्हणाली, "काहून देले मले डोळे? मी कोणाचं काय वाकडं केलं होतं?" डॉक्टरांचं पत्र आलं, डोळे वापरले नाहीत तर चार-सहा महिन्यांत मिळालेली नजर वाया जाईल, मग कोणी काही करू शकणार नाही. हे तिला ओरडतात, मग ओटीवर जाऊन डोळे पुसतात.

तू येऊ नकोस. तिने सांगितलं आहे, "मामा आला तर मी बोलणार नाई. तो मले पाहाले येईन." पण तुझ्या त्या शास्त्रात काही असेल तर सांग. तूच सांग. माझी बुद्धी संपली.

दुर्गाताई


अमरावती,
ता. १८ डिसेंबर १९३४

ती. सौ. ताई,

माझं ५ तारखेचं पत्र चुलीत टाक.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला तर्कशास्त्र शिकवत होतो. वर्गाकडे पाठ करून तिथेच वाचलं. मुलांनी विचारलं, सर काय झालं. वर्ग सोडून दिला. खेळघरात जाऊन दार लावलं आणि आपला हात तोंडापुढे धरून बसलो. बोट वाकवलं. सरळ केलं. बत्तीस वर्षांचा झालो, हा चमत्कार माझ्या मनगटाला रोज लटकत होता आणि मी कधी मान वाकवून पाहिला नाही.

ताई, आम्ही सारे विद्वान समजत होतो की डोळा ही खिडकी आहे. उघडली की बाहेरचं आत येतं. मग लाडू ओळखतो की वडी, एवढाच प्रश्न. विमलने सांगितलं की तो प्रश्नच अर्धा होता. तिला उजेड आला, रंग आले, पण पहिली 'वस्तू' तिला दिसली ती तिने स्वतः हलवली तेव्हा. मी करते तसं ते करतं. आतून जे कळत होतं ते आणि बाहेर जे दिसत होतं ते, दोन्ही तिथे जुळलं. माझा ठोकळा आधी दाखवला असता तर तो तिच्यापुढे मेल्यासारखा पडून राहिला असता, आणि मी वहीत 'ओळखला नाही' असं लिहून गाडीत बसलो असतो. मामंजींना माझा साष्टांग नमस्कार सांग. हात तर तिला पाहतील, हे वाक्य कुठल्या प्रयोगशाळेत कोणी बोलणार नाही.

आता तिच्या फडक्याचं. मला औषध ठाऊक आहे असं म्हणत नाही, पण तळहातांनी जी वाट दाखवली तिनेच जावं असं वाटतं. तिला काहीही 'दाखवू' नका. हे बघ, ते बघ, कोण आहे ओळख, सगळं बंद. बायांना दारातून परत पाठव, खुशाल माझं नाव सांग. जे दुसरं कोणी तिच्यापुढे आणतं ते तिच्यावर चाल करून येतं. तिच्या हाताने काहीतरी होऊ दे, आणि हाताने केलेलं तिच्या डोळ्यांपुढे टिकून राहू दे. असं काय आहे ते मला इथे बसून सुचत नाही. तुझ्या घरात, तिच्या रोजच्या कामात असेल. आणि फडकं तू सोडू नकोस. तिलाच सोडू दे, भले महिना लागो.

मी येत नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे, मी पाहायलाच आलो असतो.

कमलाकांत


अकोला,
ता. २० जानेवारी १९३५

चि. कमलाकांत यास अनेक आशीर्वाद.

बस आधी. उभ्याने वाचू नकोस.

तुझं पत्र आल्यावर महिनाभर तुझ्या म्हणण्याप्रमाणे चाललो. बायांना परत पाठवलं. गावात मला गर्विष्ठ म्हणतात, म्हणू देत. पोळ्या लाटायला दिल्या, पण पोळी तव्यावर जाते, टिकत नाही. वाती वळायला दिल्या, त्या ती बोटांनीच करते, फडकं सोडायची गरजच पडत नाही. माझा धीर सुटत चालला होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू शुक्रवारी ठेवलं होतं. सकाळी अंगण सारवलं. रांगोळी चाळून देणं हे विमलचं लहानपणापासूनचं काम. चाळून झाल्यावर मी म्हटलं, आज माझी कंबर दुखते, एक रेघ तू ओढ. ती म्हणाली, "मले कुठं येते?" मी म्हटलं, चिमूट धर आणि सोडत जा. डोळ्यांवर फडकं तसंच, तिने उकिडवं बसून चिमूट सोडत हात ओढला. आणि विचारलं, "निंगाली का?"

माझ्या तोंडावर आलं होतं, हो ग निघाली, छान निघाली. तुझं पत्र आठवलं. मी म्हटलं, "मी नाही सांगत."

ती तशीच बसून राहिली. मग तिने फडकं वर केलं. डोळे बारीक करून खाली वाकली. पांढरी रेघ, सारवलेल्या जमिनीवर. "ही कोणाची होय?" तिने पुन्हा चिमूट घेतली आणि या वेळी उघड्या डोळ्यांनी त्या रेघेच्या टोकाला बोटं लावून ओढत गेली. रेघ तिच्या बोटांतून निघत होती, ती पाहत होती. ती थांबली, रेघ थांबली. ती वळली, रेघ वळली. "आई, बोट गेलं आन रेघ राह्यली! माहा हात गेला थो रस्ता दिसून राह्यला!"

त्यानंतर ती उठली नाही. डबीतला चष्मा तिने स्वतः मागितला. वेड्यावाकड्या रेघा, गोल, गोलात गोल, लिंबापर्यंत. लिंबाभोवती गोल काढून म्हणाली, "आता हा तिकडंच राहीन, डोळ्याले लागणार नाई." खांबाची सावली पडली होती तिच्या कडेनेही रेघ काढली, आणि मग त्या सावलीवर पाय ठेवून उभी राहिली. दुपारी हळदीकुंकवाच्या बाया आल्या आणि दारातच थबकल्या. अंगण पांढरं झालं होतं, पाय ठेवायला जागा नाही. एकही आत आली नाही. मी रस्त्यावर जाऊन त्यांना कुंकू लावलं. मामंजी काठी टेकत बाहेर आले, ओटीच्या पायरीवर उभे राहिले आणि अंगणाला हात जोडले.

रात्री ती माझ्याजवळ आली. माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, नाक, कपाळ, हनुवटी, आणि चाचपता चाचपता डोळे उघडे ठेवून पाहत राहिली. म्हणाली, "अस्सी होय तू."

कमलाकांत, तुझ्या शास्त्राला माझा नमस्कार. आता त्याला कोणी खेळघर म्हटलं तर मला सांग.

तुझी,
दुर्गाताई


अमरावती,
ता. ४ ऑक्टोबर १९३५

ती. सौ. ताईस सा. न.

विमल आता अक्षरं गिरवते हे वाचून फार आनंद झाला. अक्षर म्हणजे तरी बोटाचा रस्ताच.

एक विचारायचं आहे. मी तिच्यावर लेख लिहिला, नाव गाव न घालता, तो गुरुजींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: 'चेंडू-ठोकळ्याचं सोड, हात आणि रेघ हाच शोध आहे.' जानेवारीत विद्वानांची परिषद आहे, तिथे वाचायला बोलावलं आहे. पण त्यांतल्या काहींचं म्हणणं, मुलगी समोर असल्याखेरीज आम्ही मानणार नाही. तिला आणलं तर मला कलकत्त्याला प्रोफेसराची जागा द्यायचीही बोलणी निघाली आहेत. जाण्यायेण्याची सोय ते करतील. तू आणि वामनराव बरोबर याल. तुझं काय म्हणणं?

कमलाकांत


अकोला,
ता. ८ ऑक्टोबर १९३५

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

माझी लेक जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू नाही. तूच लिहिलं होतंस, तिला पाहायला येऊ देऊ नकोस. ते अकोल्याच्या बायांना लागू आणि कलकत्त्याच्या विद्वानांना नाही, असं कुठल्या शास्त्रात आहे?

रागावून लिहीत नाही. तुझी जागा जाईल याचं वाईट वाटतं. पण विचारलंस म्हणून सांगते: नाही.

दुर्गाताई


अमरावती,
ता. १४ जानेवारी १९३६

ती. सौ. ताईस सा. न.

परिषदेहून काल परतलो. तिळगूळ घे.

तू नाही म्हणालीस त्या दिवशी मला वाईट वाटलं आणि दुसऱ्या दिवशी सुटल्यासारखं झालं. एकटाच गेलो. मोठं सभागृह, पुढच्या रांगेत पांढऱ्या मिशांचे लोक. मी वाचायला लागलो. पट्टी सुटते इथपर्यंत कोणी घड्याळ पाहत होतं, कोणी जांभई देत होतं. 'मी करते तसं ते करतं' हे वाक्य वाचलं. मी मान वर केली. ताई, पुढच्या रांगेतला एक म्हातारा मेजाखाली आपला हात धरून हळूच बोट वाकवत होता. त्याच्या शेजारचाही. मागे पाहिलं तर अर्धं सभागृह मान खाली घालून आपापली बोटं वाकवत होतं. विमल तिथे असती तर हे झालं नसतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं असतं. ती नव्हती म्हणून त्यांनी स्वतःकडे पाहिलं.

शेवटी एकाने विचारलंच, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, तिच्या घरी, रांगोळी काढत असेल. ते म्हणाले, मग पुरावा? मी उत्तर देण्याआधी तो म्हातारा उठून उभा राहिला, आपला हात उचलून दाखवला आणि खाली बसला.

कलकत्त्याची जागा मिळाली नाही. लेख छापणार आहेत. प्रिन्सिपॉलसाहेबांनी खेळघराला दुसरी खिडकी पाडायची परवानगी दिली. मला पुरे आहे.

कमलाकांत


अकोला,
ता. २ फेब्रुवारी १९३६

ती. मामांस विमलचा नमस्कार.

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राहिली. आई म्हणे शुद्ध करून देतो, मी नाही म्हटलं. अक्षर वाकडं आहे पण माझं आहे.

आईनं मले सभेतलं वाचून दाखवलं. मले लई हासू आलं. येवढे मोठे लोकं.

मामा तुमी आता या. तुमाले मी अजून पाहिलं नाही. तुमचा आवाज अन तपकिरीचा वास मले माहीत आहे. पण माझी एक अट आहे. तुमी माह्यावर प्रयोग केला, आता मी तुमच्यावर करीन. फाटकापाशी आले की डोळ्यावर फडकं बांधायचं. मी सोडीन तवाच सुटीन. कबूल असन तर या.

कापसाच्या गाड्या चालू आहेत. रस्त्यावर कापूस उडते. आधी मी त्याले भ्यायची. आता मी फुंकर मारून उडवतो.

तुमची,
विमल


अमरावती,
ता. १२ फेब्रुवारी १९३६

ती. सौ. ताईस सा. न.

काल सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा बडनेऱ्याला गाडीची वाट पाहताना अर्धा झाला. सगळं तुझ्या डोळ्यांपुढेच घडलं, तरी लिहितो, कारण तिथे मला बोलता आलं नाही आणि तू ते पाहिलंस.

फाटकापासून ओटीपर्यंतची वाट मी कितीदा चाललो असेन. फडकं बांधून चाललो तेव्हा दोनदा ठेच लागली आणि लिंबाला कपाळ आपटलं. विमल मागून म्हणाली, "मामा, डोळ्याले लागलं का झाड?" तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो, पण भीती वाटत होती.

मग पाटावर बसवून तिने माझ्या हातात वस्तू दिल्या. वाटी ओळखली. लाडू ओळखला, वडी ओळखली. परीक्षक दयाळू होती. मग तिने माझ्या हातात एक हात दिला आणि विचारलं, कोणाचा? लहान वाटला, थोडा खरखरीत. मी ठामपणे म्हटलं, तुझा. मग तुझा आवाज आला, "भाऊबीजेला इतकी वर्षं ओवाळते, तो हात ओळखला नाहीस होय रे?" ताई, मी माणसाच्या मनाचा प्रोफेसर आहे. तुझा हात इतका झिजला आहे हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांनी मी तो रोज पाहिला असता तरी कळलं नसतं.

शेवटी तिने माझ्या डोक्यामागची गाठ सोडली. मी डोळे उघडून तिला पाहणार, तेवढ्यात तिने माझे डोळे आपल्या तळव्याने दाबून धरले. "असं नाई, मामा. आधी हात." तिने माझी मनगटं धरून माझे तळहात माझ्या तोंडापुढे आणले आणि मग आपला हात काढला. उजेडाने डोळे दिपले होते. समोर काहीतरी अंधुक, तांबूस, मोठं. क्षणभर, ताई, शपथेवर सांगतो, मला कळलं नाही ते काय आहे.

"हालवा," ती म्हणाली.

मी बोट वाकवलं. आणि त्या बोटाच्या पलीकडे, जाड भिंगांतून माझ्याकडे पाहणारी विमल मला दिसली.

तुझा,
कमलाकांत